रुळाकडची भाजी

संध्याकाळी डोंबिवली पूर्वेचा जिना उतरलं की भाजीवाल्यांची जी रांग लागते, तिच्या टोकाला एक मावशी बसते. आगरी आहे, बोलण्यावरून कळतं. पुढ्यात ओलं गोणपाट, त्यावर पालक, लाल माठ, चवळी, एखाद्या दिवशी अंबाडी. गेल्या उन्हाळ्यात तिच्याकडे पालक घेत होते तेव्हा शेजारी एक तरुण मुलगी वाकून जुड्या बघत होती. पाठीला ऑफिसची बॅग, हातात कापडी पिशवी. तिनं एक जुडी उचलली, उलटी करून मुळांकडची माती निरखली आणि विचारलं, "मावशी, ही रुळाकडची नाही ना?" मावशी पाल्यावर पाणी शिंपडत होती. तिनं हात थांबवला नाही. "रुलाकडची खाऊनच माजी पोरां मोठी झायली," म्हणाली, आणि माझे सुटे पैसे मोजायला लागली. मुलीनं जुडी खाली ठेवली, काही न बोलता निघून गेली. मी माझ्या दोन जुड्या पिशवीत टाकून रिक्षाच्या रांगेत उभी राहिले.

एवढंच घडलं. पण ते उत्तर डोक्यातून जाईना. त्यात नकार नव्हता आणि कबुलीही नव्हती. मुलीचा प्रश्न रास्त होता, मावशीची पोरं खरंच मोठी झाली असणार, आणि पालक दिसायला इतका देखणा होता की त्याच्याकडे बघून दोघींपैकी कोणाचंच खोटं पाडता आलं नसतं.

मध्य रेल्वेवर नोकरीचं आयुष्य काढलेल्या बाईला रुळाकडची भाजी समजावून सांगावी लागत नाही. कुर्ला सोडलं की विद्याविहार, पुढे कांजूर, भांडुप, खाडी ओलांडल्यावर दिव्याच्या अलीकडे-पलीकडे, जिथे म्हणून रूळ आणि भिंत यांच्यात पाच-दहा हात जागा सापडेल तिथे वाफे. युद्धाच्या टंचाईत निघालेल्या 'ग्रो मोअर फूड' या मोहिमेचं नाव रेल्वेच्या कागदांवर पुढेही टिकून राहिलं. मोकळी पडलेली जमीन कर्मचाऱ्यांना लागवडीला द्यायची. भाजीही होते आणि त्या जागेवर झोपड्याही उठत नाहीत. कागदावर नाव एकाचं आणि कुदळ दुसऱ्याच्याच हातात, हे ओघानं आलं. आमच्या बायकांच्या डब्यात त्या वेळी निवडणं चाललेलं असायचं. मांडीवर पिशवी पसरून मेथी, घेवडा, मटार, पालक. दादरला घेतलेली भाजी ठाण्यापर्यंत निवडून व्हायची, डोंबिवलीला उतरल्यावर नुसती फोडणी द्यायची बाकी. सभ्य बायका देठं पिशवीत ठेवायच्या, बाकीच्या खिडकीबाहेर. गाडी कुठेतरी सिग्नलला रखडली की खालच्या नाल्याचा वास आत यायचा आणि अख्ख्या डब्याचे पदर, ओढण्या नाकाला लागायच्या. बाहेर एक माणूस गुडघाभर पँट दुमडून काळ्या पाण्यात डबा बुडवतोय, वाफ्यावर ओततोय. "ई, बघ गं कसल्या पाण्यावर," कोणीतरी म्हणायचं. सगळ्या बघायच्या आणि परत खाली मान घालून निवडायला लागायच्या. खिडकीबाहेर जो पालक उभा होता त्याचाच भाऊबंद खिडकीच्या आत मांडीवर असेल, ही शंका एकीलाही येत नसेल असं मला वाटत नाही. बोलून कोणी दाखवत नव्हतं.

त्या 'ई'मधली शिसारी नुसती पाण्याची नव्हती. पाण्यात उभ्या असलेल्या माणसाचीही होती. आपण घाण नाकानं ओळखतो, डोळ्यानं ओळखतो, आणि जो घाणीला हात लावतो त्याच्यावर ती चिकटवून मोकळे होतो. हा हिशोब आपल्याकडे फार जुना आहे.

पण हिशोब असा सरळही नव्हता. पेणला माझ्या आजीच्या परसात मोरीचं पाणी जिथे जाऊन मुरायचं तिथे अळूचं बन होतं. कमरेइतकी पानं, देठ जांभळट काळे, पहाटे पानावर दवाचा थेंब पाऱ्यासारखा इकडून तिकडे पळायचा. आजी सोवळ्याओवळ्याची कडक. पाण्याच्या कळशीला आमचा हात लागला तरी ती कळशी बदलायची. पण मोरीच्या पाण्यावर पोसलेलं तेच अळू श्रावणात नैवेद्याच्या पानात जायचं, शेंगदाणे, चण्याची डाळ आणि आंबट चुका घालून, आणि त्यात तिला काही वावगं वाटायचं नाही. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, "माती सगळं पचवते." ते खरंच होतं. त्या पाण्यात काय असायचं? तांदळाचं धुवण, राख, चिंचेचा कोळ, शिकेकाई, अंगाचा मळ. सगळं कुजणारं. जे कुजतं ते माती पचवते आणि त्याचं पान करून परत देते. नाल्यातल्या मैल्याचंही तसंच. त्यात नत्र असतो, म्हणून तर रुळाकडचा पालक रुंद पानांचा आणि काळपट हिरवा असतो. त्यातले जंतू चुलीवर मरतात. पोट बिघडेल, कच्चं खाल्लं तर जंत होतील, पण हे शत्रू आपल्या आज्यांच्या ओळखीचे होते आणि त्यांच्यावर उपायही होते. अळूच्या त्या बनात न कुजणारं असं काही येतच नव्हतं.

बाबांशी मी या विषयावर बोलले ते मावशीच्या त्या उत्तरानंतर. तोवर बोलणं झालंच नव्हतं. बाबा एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते, थेट निवृत्त होईपर्यंत. कारखान्याचं नाव इथे नको. आमचं घर, माझं शिक्षण, भावाचं इंजिनिअरिंग त्याच पगारावर झालं. संध्याकाळी बाबा आले की दारातच शर्ट काढून आई तो वेगळ्या बादलीत टाकायची. त्याला एक गोडसर, डोकं धरणारा वास असायचा. रात्री अकरानंतर तोच वास खिडकीतून यायचा आणि आई उठून खिडक्या लावायची. त्याबद्दल घरात बोलणं नसे. ज्या वासावर घर चालतं त्याला नावं कशी ठेवायची, असा काहीसा अलिखित करार होता. आता बाबा ऐंशीच्या घरात आहेत. मी मावशीची गोष्ट सांगितल्यावर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "जंतू मरतो. रंग उडून जातो. धातूला मरण नाही."

मग ते बराच वेळ बोलत राहिले, प्रयोगशाळेत नव्या पोराला समजवावं तसे. कारखान्याच्या सांडपाण्यात धातू असला तर त्यात चुना घालतात, पाण्याची आम्लता जाते आणि विरघळलेला धातू गाळ होऊन तळाला बसतो. वरचं पाणी सोडून द्यायचं. उरलेला गाळ घातक कचरा म्हणून वेगळ्या, अस्तर घातलेल्या भराव्यावर न्यायचा. आपल्याकडचा तळोज्याला जातो. म्हणजे कितीही चोख काम केलं तरी धातू नाहीसा होत नाही, त्याचा फक्त पत्ता बदलतो. आणि पत्ता बदलायला पैसे पडतात: चुन्याचे, विजेचे, गाळाच्या प्रत्येक टनाचे. जिथे पैसे पडतात तिथे वाचवणारेही असतात. यंत्रणा तपासणीच्या दिवशी चालू, एरवी बंद. मी विचारलं, "तुमच्याकडे?" बाबा म्हणाले, "सगळीकडे," आणि मुलामा देणाऱ्या बारक्या शेडांकडे वळले, जिथे जस्त, निकेल, क्रोमियम, कॅडमियम असतं आणि सांडपाण्याची यंत्रणा बसवायला जागाच नसते, जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसं काढणाऱ्या भट्ट्यांकडे वळले, पिवळ्या-तांबड्या रंगद्रव्यांकडे वळले. माझा प्रश्न तिथेच राहिला, मीही परत विचारला नाही.

पिकात कोणता धातू कसा चढतो हे मात्र त्यांनी नीट सांगितलं. शिसं आळशी आहे. ते मातीला घट्ट धरून बसतं, मुळापर्यंत जातं, वर फारसं चढत नाही. पानावर सापडतं ते बहुतेक हवेतल्या धुळीतून बसलेलं. कॅडमियमचं वेगळं. आवर्तसारणीत ते जस्ताच्या बरोबर खालच्या घरात आहे, आणि जस्त झाडाला हवंच असतं. जस्तासाठी उघडलेल्या दारातून कॅडमियम आत शिरतं आणि मुळातून थेट पानात जातं. जमीन आम्लधर्मी असेल तर आणखी सहज. पालक, माठ, लेट्यूस या पालेभाज्या ते सगळ्यात जास्त ओढतात. दुधी, भोपळा, घेवड्याच्या शेंगा यांच्यात ते खूप कमी पोहोचतं. आणि खरी मेख पुढेच आहे. तांबं किंवा जस्त जमिनीत फार झालं तर झाडच आधी पिवळं पडतं, खुरटतं. माणसाच्या ताटात येण्यापूर्वी पीक हातचं जातं. कॅडमियमच्या बाबतीत झाड असा काही इशारा देत नाही. माणसाला बाधेल एवढं साठलं तरी पान हिरवंगार, टवटवीत.

म्हणजे जुडी उलटी करून बघणाऱ्या त्या मुलीला काहीही दिसणार नव्हतं.

आम्हा डोंबिवलीकरांना प्रदूषण दिसायची तशी सवय आहे. २०१४ च्या जानेवारीत हिरवा पाऊस पडला. २०२० च्या फेब्रुवारीत एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला, लोक फोटो काढायला गेले. तिकडे तळोज्याला २०१७ मध्ये कासाडी नदीकाठची कुत्री निळी झाली आणि ते फोटो जगभर फिरले. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरला अंधाराचा फायदा घेऊन वालधुनीत टँकर रिकामा केला गेला आणि काठावरच्या कित्येकांचा जीव घुसमटला, तेव्हा रंगाऐवजी वासानं बातमी केली. रंग, वास, स्फोटाचा आवाज, यांच्यापैकी काहीतरी असलं की पंचनामा होतो, मंत्री बोलतात, नमुने घेतले जातात. गुलाबी रस्त्यानं कोणाची मूत्रपिंडं गेली असतील असं मला वाटत नाही. पण त्याची बातमी झाली, आणि पालकाची होत नाही, कारण पालक पालकाच्याच रंगाचा असतो.

विष म्हटलं की आपल्या डोक्यात एक चित्र असतं. आजी गोष्टी सांगायची त्यात गाणाऱ्याच्या विड्यात शेंदूर घालून त्याचा आवाज घालवलेला असायचा. कोण्या नटाचं असं झालं, कोण्या तमासगिरिणीचं तसं. शेंदूर म्हणजे शिशाचंच ऑक्साइड, तेव्हा गोष्ट अगदीच हवेतली नव्हती. पण त्या गोष्टीत देणारा असायचा, त्याचा मत्सर असायचा, एका रात्रीत बसलेला आवाज असायचा. गोष्ट सांगून झाली की आजी त्या देणाऱ्याला दोन शिव्या द्यायची आणि आम्हाला झोप लागायची. पालकातल्या कॅडमियमला असा कोणी देणारा नाही. सोडणाऱ्याला आपण ओळखत नाही, ओतणाऱ्याला काय सोडलंय ते माहीत नाही, विकणारी पहाटे चारला घाऊक बाजारात जे मिळेल ते उचलते, आणि खाणाऱ्याच्या मूत्रपिंडात ते दहा, वीस, तीस वर्षं मुक्काम करतं. शिव्या कोणाला द्यायच्या? तर जो दिसतो त्याला. डबा बुडवणाऱ्याला.

जपानमध्ये तोयामा जिल्ह्यात जिंझू नावाची नदी आहे. तिच्या वरच्या अंगाला कामिओका इथे मित्सुई कंपनीची जस्ताची खाण होती. जस्ताच्या खनिजात कॅडमियम असतंच. ते धुवून निघायचं, नदीत जायचं, नदीचं पाणी भातखाचरात. खालच्या गावांतल्या बायकांची हाडं दुखायला लागली, मग मऊ पडली, मग खोकल्याच्या उबळीनंही मोडायला लागली. बहुतेक पन्नाशी ओलांडलेल्या, पुष्कळ बाळंतपणं झालेल्या शेतकरणी. त्या "इताई, इताई", म्हणजे दुखतंय गं, म्हणत कण्हायच्या म्हणून रोगाचं नावही तेच पडलं. कुपोषण, अतिश्रम अशी कारणं आधी पुढे करून झाली. तिथल्याच एका डॉक्टरनं, नोबोरू हागिनो यांनी, कॅडमियमचा माग लावून धरला. सरकारनं ते मान्य करायला १९६८ उजाडलं. १९७२ मध्ये गावकरी वरच्या न्यायालयातही जिंकले. मग भातखाचरांतली विषारी माती काढून, गाडून, वर नवी माती घालायचं काम सुरू झालं ते २०१२ मध्ये संपलं. नदीतून माती नासायला वर्षानुवर्षं लागली, तशी ती निस्तरायलाही लागली. पण या सगळ्यात मला थांबून परत वाचावीशी वाटलेली गोष्ट दुसरीच आहे. खटला जिंकल्यावर गावकऱ्यांनी कंपनीकडून नुसते पैसे घेतले नाहीत. खाणीत आत जाऊन, आपले तज्ज्ञ बरोबर नेऊन, सांडपाणी तपासायचा हक्क लिहून घेतला, तपासणीचा खर्च कंपनीनं करायचा. आणि मग दरवर्षी शेतकरी खाणीत जात राहिले.

हे बाबांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "आमच्याकडे शेतकरी आला असता तर वॉचमननं गेटवरच अडवला असता." जरा वेळानं म्हणाले, "मीच अडवायला सांगितलं असतं."

मग त्यांनी विजेच्या बिलाच्या मागच्या बाजूला हिशोब मांडला. बाबांना कागदाची कोरी बाजू दिसली की हात शिवशिवतो. कोडेक्स म्हणजे अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं. त्यांच्या प्रमाणात पालेभाजीच्या किलोमागे कॅडमियम ०.२ मिलिग्रॅम आणि शिसं ०.३ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. माणसाच्या अंगाला महिन्याकाठी वजनाच्या दर किलोमागे २५ मायक्रोग्रॅम कॅडमियम ही सहन होण्याची मर्यादा धरतात. म्हणजे साठ किलोच्या बाईला महिन्याला दीड मिलिग्रॅम. प्रमाणाच्या काठावरचा पालक असला तर साडेसात किलो खावा लागेल. "एवढा कोण खातो?" मी म्हटलं. "थांब," म्हणाले. पालकात प्रमाणाच्या पाचपट असलं तर? पाव किलोच्या सहा जुड्यांत महिन्याचा कोटा संपला, आणि भात, गहू, बटाटे अजून मोजलेलेच नाहीत. शिशाचा हिशोब त्यांनी मांडलाच नाही. शिशाला सुरक्षित अशी पातळीच ठाऊक नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, विशेषतः लहान मुलांसाठी. तेव्हा भागाकार कशानं करणार?

या हिशोबात बाईचं वजन आलं, तिचं रक्त आलं नाही. आपल्याकडे हिमोग्लोबिन कमी निघालं की डॉक्टरपासून शेजारणीपर्यंत सगळे सांगतात, पालक खा, माठ खा, बीट खा. मलाही पस्तिशीत सांगितलं होतं आणि मी श्रद्धेनं खाल्ला, ताकातला, डाळीतला, पराठ्यातला. आता कळतं की ज्या शरीरात लोह कमी असतं ते शरीर आतड्यातून कॅडमियम जास्त ओढून घेतं. लोहासाठी वखवखलेली तीच वाट कॅडमियमलाही चालते. म्हणजे ज्या बाईला पालक सगळ्यात जास्त हवा, तिलाच तो सगळ्यात महाग पडायची शक्यता. पालक सोड असं कोणी सांगितलं तर त्या बाईनं लोह कुठून आणायचं, हाही प्रश्न उरतोच. याचा मला राग येतो. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका मात्र मला जिन्यात गाठून, "पालकबिलक बंद केला आम्ही, फार केमिकल असतं हो," असं सांगतात तेव्हा त्यांच्या बोटांत सिगारेट असते. तंबाखू हे कॅडमियम ओढण्यात पालकाच्याही वरचं झाड आहे. मी काकांना काही बोलले नाही. काकूंना बोलले.

आणि धुणं. आपल्या स्वयंपाकघराचा सगळा विश्वास धुण्यावर आहे. मिठाच्या पाण्यात, हळदीच्या पाण्यात, व्हिनेगरमध्ये, आता बाजारात भाजी धुवायची बाटलीही मिळते. त्यानं वरची धूळ जाते आणि धुळीबरोबर बरंच शिसंही जातं, तेव्हा धुणं वाया नाही. बनारस हिंदू विद्यापीठातल्या संशोधकांनी वाराणसीच्या भाज्यांवर पुष्कळ काम केलंय. त्यात त्यांना शेतातून आणलेल्या भाजीपेक्षा बाजारात मांडलेल्या भाजीत काही धातू जास्त सापडले. वाटेत आणि रस्त्याकडेला बसून तिच्यावर जे बसतं त्याचा हा परिणाम. पेट्रोलमधलं शिसं आपल्याकडे २००० साली बंद झालं, पण रस्त्याकडेच्या मातीत साचलेलं कुठे जाणार? म्हणजे रुळाकडची नसलेली, नाशिकहून आलेली भाजीही डोंबिवलीच्या फुटपाथवर बसून थोडी डोंबिवलीची होते. पण पानाच्या आत, पेशीत गेलेलं कॅडमियम धुवून निघत नाही, शिजवून उडत नाही. पालक उकडून पाणी फेकलं तर थोडं जाईल, जीवनसत्त्वंही जातील. घरातल्या नळापाशी उभं राहून आपण जे करतो त्यातलं निम्मं आपल्या समाधानासाठी असतं, हे कळूनही मी तीनदा धुते. हात थांबत नाही.

मग एक दिवस मी प्रयोगशाळेला फोन लावला. अन्नाचे नमुने तपासणारी, मान्यताप्राप्त. पलीकडच्या मुलानं फार अगत्यानं माहिती दिली. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा, सगळं तपासून मिळेल, नमुना अर्धा किलो लागेल, दर धातूगणिक. मग त्यानं विचारलं, "लॉट नंबर काय आहे, मॅडम?" मी म्हटलं, "पालकाची जुडी आहे." "हो, पण कुठल्या लॉटची?" दुधाच्या पिशवीवर तारीख असते, बिस्किटाच्या पुड्यावर बॅच असते, मिठाच्या पिशवीवर कारखान्याचा पत्ता असतो. पालकाच्या जुडीला फक्त केळीचं सोपट बांधलेलं असतं. निकाल काय यायचा तो येईल, पण तो ज्या जुडीचा असेल ती जुडी दळून, आम्लात विरघळून संपलेली असेल, आणि दुसऱ्या दिवशी मावशीच्या गोणपाटावर वेगळ्याच वाफ्यातला पालक असेल. तो मुलगाच शेवटी म्हणाला, "मॅडम, नुसत्या भाजीनं नाही कळणार. माती आणि पाणी पण आणा."

माती आणि पाणी आणायचं तर कोणाच्या तरी शेतात जायला हवं. बाबा म्हणाले, मीही येतो. खाडीकडे जाणाऱ्या एका नाल्याच्या काठी आम्ही रिक्षा सोडली. रेल्वेच्या नव्या मार्गिका झाल्यापासून पूर्वीची बरीच शेती उठली आहे, उरलेली अशी कोपऱ्याकोपऱ्यात. पाणी काळं नव्हतं, चहासारखं होतं, काठाला फेस. वास होता, पण मला वाटला होता तेवढा नव्हता. वाफे मात्र बघत राहावे असे: पालक, माठ, मुळा, मेथी, एकेका वाफ्याची कड हातानं लिंपलेली, तणाची काडी नाही. राबणारा माणूस जौनपूरकडचा, इथे येऊन आयुष्य गेलेलं, मराठी आमच्यासारखंच, फक्त सूर निराळा. नमुना हवाय म्हटल्यावर आधी बिचकला. आम्ही महापालिकेचे नाही, रेल्वेचे नाही, पेपरवालेही नाही, हे पटल्यावर मोकळा झाला. तुम्ही हीच भाजी खाता का, असं मी विचारलं. विचारताना जीभ जड झाली होती. "मग दुसरी कुठली खाणार?" म्हणाला. त्यात टोमणा नव्हता.

पाण्यावर त्याची नजर असते, हे त्यानं आपणहून सांगितलं. पाणी रंग बदलतं. कधी तांबडं, कधी निळसर, कधी वर तेलाची साय. त्या दिवशी तो पंप लावत नाही. एकदा न बघता लावला तर अख्खा मेथीचा वाफा करपला होता. म्हणजे या नाल्यावर रोज, न चुकता, कोणी तपासणारा असलाच तर तो हा. त्याच्याकडे उपकरण एकच, मेथी. मेथी करपवतं ते त्याला कळतं. मेथीला काहीच न करता तिच्यात बसून राहतं ते त्याला, मला, मावशीला कोणालाच कळत नाही.

बाबांनी त्याला दुधीचं सांगितलं. पालक-माठाऐवजी दुधी, भोपळा, घेवडा लाव, नाहीतर झेंडू लाव, पाणी हेच असलं तरी खाणाऱ्याच्या पोटात कमी जाईल. अगदी शिक्षकाच्या थाटात. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, पालक पंचवीस-तीस दिवसांत निघतो, माठही तसाच. दुधीला मांडव लागतो, दोन-तीन महिने लागतात. "उद्या साहेब येऊन बोलला की जागा खाली कर, तर पालकाचा एकच वाफा जातो. मांडव घालायला जागा आपली लागते."

कॅडमियम सगळ्यात जास्त पितं ते पीक, आणि ज्याच्या पायाखालची जमीन कधीही जाऊ शकते त्याला परवडतं ते पीक, ही दोन्ही एकच निघावीत, हे मी वाचलेल्या कुठल्याच माहितीत आलं नव्हतं. बाबांच्याही हिशोबात नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि गप्प राहून मातीची पिशवी बांधायला घेतली. मी बाटलीत पाणी भरलं. मग त्या माणसानं विचारलं, साहेब तुम्ही कुठे कामाला होता? बाबांनी सांगितलं. कारखान्याचं नाव, फेजचा नंबर, सगळं. तो हसला. नाला जिकडून येतो तिकडे त्यानं हातातल्या खुरप्यानं दाखवलं.

"मग तुम्हीच सांगा, पंप कुठल्या दिवशी बंद ठेवू?"

ज्या माणसानं घरात चाळीस वर्षं कारखान्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, त्यानं तिथे चिखलात उभं राहून वेळापत्रक सांगितलं. शनिवार-रविवारची रात्र. लागून सुट्ट्या आल्या की त्यातला मधला दिवस. पहाटे तीन ते पाच. आणि जूनमधला पहिला जोराचा पाऊस, तेव्हा सगळेच सोडतात, पाण्याबरोबर वाहून जातं आणि नमुना घ्यायला कोणी भिजत येत नाही. तो एकेक ऐकत होता, मान डोलवत होता.

"हे तर मला माहीत आहे, साहेब," तो म्हणाला. "हे सोडून सांगा."